फुकट आणि मुक्त

बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांच्या नोटा मोजल्यामुळे आपण प्रामाणिक आहोत, असा माझा एक गोड समज होता. तो पुसदच्या एका दुकानात लॅपटॉप घेताना फिटला.

ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०ची नेहमीची देखभाल संपली आणि विंडोज ११ काही आमच्या घरच्या म्हाताऱ्या संगणकाला झेपेना. दुकानदार म्हणाला, "काहून इतका विचार करून रायले भाऊ? बिना विंडोजचा लॅपटॉप घ्या, स्वस्तात पडते. विंडोज मी टाकून देतो ना, फुकटात!"

मी मान डोलावणार, तोच चिरंजीव कानाशी पुटपुटले, "बाबा, ती चोरीची असते. आपल्या जुन्यातही तीच आहे."

चोरीची! संध्याकाळी हिशेबात एक रुपया कमी आला तर तो सापडेपर्यंत खुर्ची न सोडणारा मी, आणि घरी इतकी वर्षे चोरीच्या मालावर बसून प्राप्तिकराचे विवरणपत्र भरत होतो!

"मग लिनक्स घेऊ," चिरंजीव म्हणाले.

"तेही फुकटच ना?"

"फुकट नाही बाबा, मुक्त!"

इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द, म्हणून साहेबाचा घोटाळा होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, पण ऐकू मात्र पहिलाच येतो. १९९१ साली, आमच्या पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले त्याच वर्षी, हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. १९९२मध्ये त्याला नवा परवाना लावला : वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, फक्त वाटाल तर आतली कृतीही द्या. म्हणजे असे कर्ज, की जे फेडायचे नाही, पुढच्याला द्यायचे! आमच्या मॅनेजरला हे सांगितले तर ते रजेवर जातील.

चिरंजीवांनी खिशातून लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह काढला आणि एकेका लॅपटॉपला लावून पाहिला. नोट उजेडात धरणाऱ्या कॅशियरकडे गिऱ्हाईक पाहते, तसा दुकानदार पाहत होता. पहिल्याला वायफाय सापडेना. दुसऱ्याचा आवाज बंद; मुक्ती मिळताच मौन! तिसऱ्याचे सगळे चालले. त्याची वायफायची चिप इंटेलची होती आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो म्हणे. तो दोन हजारांनी महाग होता. घेतला.

घरी येताना मी ताठ मानेने चाललो होतो. पण मनात किडा वळवळलाच. बँकेत पाठीशी ऑडिटर असतो, दुकानात चिरंजीव होते. दोघेही नसते, तर मी कोण होतो? उत्तर मला ठाऊक होते. म्हणून भाजीबाजाराशी विषय बदलला.

रात्री चिरंजीवांनी जुन्या संगणकावरही लिनक्स चढवले. तो तरण्यासारखा पळू लागला!

"अहो, मग नवा कशाला घेतला?" ही म्हणाली.

काय सांगणार? प्रामाणिकपणाचा हप्ता थकला, की त्यावर व्याज चढते. बँकेतल्या माणसाला तरी हे माहीत असायला हवे होते.