जपणे की ताब्यात ठेवणे?



घरातली शाळकरी मुलगी सुटीत ‘ट्वायलाइट’ हा इंग्रजी सिनेमा पाहायला बसली, की आईवडिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो भुताखेतांचा. रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरची गोष्ट मुलांनी पाहावी का? प्रश्न रास्त आहे. पण या सिनेमात डोळसपणे पाहण्याची गोष्ट भूत नाही, प्रेम आहे.

स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००५ साली आली. कॅथरीन हार्डविक यांनी दिग्दर्शित केलेला सिनेमा २००८ साली निघाला आणि २०१२ पर्यंत या कथेचे एकूण पाच सिनेमे झाले. आपल्याकडे २०१० मध्ये स्टार वन वाहिनीवर याच धर्तीची ‘प्यार की ये एक कहानी’ ही हिंदी मालिका सुरू झाली. त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या घरांतही ही गोष्ट पोचली.

सतरा वर्षांची बेला सदा पाऊस पडणाऱ्या फोर्क्स नावाच्या गावी वडिलांकडे राहायला येते. वर्गात तिला एडवर्ड भेटतो. तोही सतराचाच दिसतो. पण १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरणाच्या दारात असताना तो व्हॅम्पायर झाला आणि तेव्हापासून त्याचे वय वाढलेलेच नाही. त्याचे कुटुंब माणसांना न मारता जनावरांच्या रक्तावर भागवते. बेलाच्या रक्ताची मात्र त्याला अनावर ओढ वाटते. तिच्यावर प्रेम आहे आणि तिचा जीव घेण्याची वासनाही आहे, असा हा पेच.

आधी या गोष्टीतले चांगले ते मान्य करू या. ‘मन आवरत नाही तेच खरे प्रेम’ असे कितीतरी गाणी आणि जाहिराती मुलांना सांगतात. इथे नायकाचे मोठेपण आवरण्यात आहे. शेवटी बेलाच्या हातात भिनलेले विष काढण्यासाठी एडवर्डला तिचेच रक्त ओढावे लागते आणि वेळेवर थांबावेही लागते. तो थांबतो. कादंबरी आली त्याच वर्षीच्या नाताळची तारीख पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या पहिल्या विश्वपत्रावर आहे. त्यात त्यांनी स्त्री-पुरुषांमधल्या ओढीला पाप ठरवले नाही. ती ओढ शुद्ध व्हावी लागते, तिला शिस्त लागते, आणि मग ती स्वतःच्या सुखाऐवजी दुसऱ्याचे भले शोधू लागते, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे.

पण संयम ही प्रेमाची अर्धीच बाजू झाली. हाच एडवर्ड रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिला पाहत बसतो. तिच्या नकळत तिच्या मागावर राहतो. पुढच्या एका कादंबरीत तर तिने एका मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीचा भागच काढून ठेवतो. कारण विचारले तर उत्तर एकच: तिच्या काळजीपोटी.

काळजी खोटी नाही, धोकाही खरा आहे. मग यात चुकले काय? आईवडीलही मुलांवर लक्ष ठेवतातच. ठेवतात, पण चांगले आईवडील ते उघडपणे ठेवतात आणि मूल मोठे होईल तसा हात सैल करतात. इथे पहारा चोरून आहे, आणि तिला सर्वांत मोठा धोका ज्याच्यापासून आहे तोच पहारेकरी आहे!

बेला यावर फारसे मनाला लावून घेत नाही, कारण लेखिकेने तिला तसे घडवले आहे. वाशी-नेरूळच्या मुलींचे आयुष्य कोणी लेखिका लिहीत नाही. ‘ऑनलाइन होतीस, मग उत्तर का दिले नाहीस?’ ‘पासवर्ड सांग, विश्वास नाही का?’ ‘तुझ्याशिवाय मी जगणार नाही.’ ही वाक्ये प्रेमाच्या भाषेत येतात, पण त्यांत धाक असतो. मुलगी स्पष्टपणे नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणे, इंटरनेटवरच्या तिच्या वावरावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून आपल्या देशात गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये त्याला शिक्षा आहे.

कायदा शेवटी लागतो. आपली कसोटी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. गाब्रिएल दूत नाझरेथला आला तो प्रसंग आठवा. सर्वसमर्थ परमेश्वरानेही मारियेला कळू न देता काही केले नाही. दूताने निरोप सांगितला, तिने शंका विचारली, तिला उत्तर मिळाले आणि मग तिने होकार दिला. देव ज्या होकारासाठी थांबला, तो आपण गृहीत धरावा काय?

म्हणून मुलांचा सिनेमा बंद करण्यापेक्षा एकदा त्यांच्या शेजारी बसून तो पाहा. संपल्यावर उपदेश करू नका, दोन प्रश्न विचारा: एडवर्डने स्वतःला कुठे आवरले? आणि बेलाला न विचारता त्याने काय काय केले? मुलींना विचाराल, तसेच मुलांनाही विचारा. हे प्रश्न मुलग्यांना आपण फार क्वचित विचारतो. स्वतःवर ताबा ठेवणे आणि दुसऱ्याला मोकळे ठेवणे, ही दोन्ही त्यांनी एकत्र शिकायची आहेत. आणि ती ते प्रथम आपल्याच घरात, आईवडील एकमेकांशी कसे वागतात ते पाहून शिकतात.