काचेआडची अमानत

आमच्या घरी येणारे पाहुणे बैठकीच्या खोलीतील काचेच्या टाकीपाशी हमखास थबकतात. टाकी फार मोठी नाही. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. साधारण ५० लिटर पाणी मावते. काही वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टामुळे ती घरात आली. मागच्या बाजूला लांब पात्यांची वॅलिसनेरिया, पुढे लाकडाच्या तुकड्यावर चढवलेले जावा मॉस, आणि त्या हिरवाईत तीन जातींचे जीव: आठ गप्पी मासे, पंधरा लाल चेरी कोळंब्या आणि वनस्पतींना चिकटून न बोलावता आलेल्या, वेटोळ्या शंखाच्या गोगलगायी.

एका ईदला शेजारचे निवृत्त मास्तर शिरखुर्मा घ्यायला आले. वाटी हातात धरून बराच वेळ टाकीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बघा हो, तीन जातींचे जीव कसे गुण्यागोविंदाने नांदतात! माणसांनी यांच्याकडून शिकायला हवं." खोलीतील सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मास्तर मनाचे निर्मळ, त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पण ते गेल्यावर ते वाक्य मला टोचत राहिले, कारण टाकीत रोज काय चालते ते मला ठाऊक होते.

चेरी कोळंबी मूळची चीन-तैवानकडची. पूर्ण वाढली तरी दोन-तीन सेंटिमीटरची. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरून ठेवते आणि इवल्या पायांनी त्यांच्यावर सतत पाणी खेळवते. तीन ते चार आठवडे हे चालते. मग पिल्ले बाहेर पडतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, पण आकाराने हुबेहूब मोठ्या कोळंबीसारखी. आमच्या टाकीत अशी पिल्ले चार वेळा झाली. चारही वेळा आठवड्याभरात एकही दिसेनासे झाले. गप्पींनी खाल्ले. मोठ्या कोळंब्या दिवसा मॉसच्या आत दडून बसत आणि दिवा मालवल्यावर बाहेर येत. मास्तरांना दिसलेला सलोखा हा असा होता. ज्याची पिल्ले जगत नाहीत आणि ज्याला उजेडात फिरता येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला आपण नांदणे म्हणतो. बाहेरून पाहणाऱ्याला लपलेला जीव आणि सुखी जीव यांतला फरक कळत नाही.

मग दोष गप्पीचा का? तसेही म्हणता येत नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणूनच तर आरोग्य खाते विहिरी-हौदांत गप्पी सोडते. तोंडात मावेल तो हलता जीव गिळणे हा त्याचा स्वभाव. हौदात आपण ज्याचे कौतुक करतो, टाकीत त्यालाच गुन्हा कसा म्हणावे? आपल्याकडे प्राचीन राज्यशास्त्रात 'मत्स्यन्याय' असा शब्द आहे. मोठा मासा लहान माशाला खातो, तशी स्थिती राजदंड नसलेल्या राज्यात येते, असा त्याचा आशय. त्या शब्दात वापर माशाचा केला असला, तरी जाब राजाला विचारलेला आहे. माशाला कोणीच काही विचारत नाही. टाकीच्या बाबतीत राजा कोण, हे सांगायला नको.

एका भांड्यात असे वेगवेगळे जीव ठेवण्याच्या आधुनिक छंदाच्या मुळाशी जे प्रयोग आहेत, त्यांतला एक या संदर्भात आठवतो. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी तो १८५० साली प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात त्यांनी दोन गोल्डफिश आणि हीच वॅलिसनेरिया ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे त्यावर जगतील, पाणी बदलावे लागणार नाही, असा हिशेब होता. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या काही गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला, पाणी निवळले. आणि गोगलगायींनी घातलेली अंडी माशांचे खाद्य झाली. प्रयोग यशस्वी ठरला. तो खरोखर सुंदर आहे, पण त्या जुळलेल्या हिशेबात कोणाची तरी अंडी जमेला धरलेली होती. समतोल म्हणजे सर्वांचे भले, असे नसते. कुदरतीत तो तसा कधीच नव्हता. फरक एवढाच की ओढ्यात कोळंबीला पळायला मैलभर पाणी असते, पावसाळा असतो, दगडाखालची कपार असते. आपण काच उभी केली की पळण्याची वाट आपण बंद केलेली असते. कुरआनात सूरह रहमानमध्ये मीझानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि त्या तोलात आगळीक न करण्याची ताकीद आहे. नदीचा तराजू आपल्या हाती नसतो. टाकीचा मात्र आपणच हौसेने हाती घेतलेला असतो.

हे सगळे मला कळत होते, तरी मी काही केले नाही. पुढे जे घडले त्याने मात्र झोप उडाली.

एका पावसाळ्यात गप्पींच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. हा माशांचा नेहमीचा परजीवी रोग. मी दुकानातून औषधाची बाटली आणली, सांगितले तितके थेंब टाकले आणि झोपलो. सकाळी टाकीच्या तळाशी कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या होत्या, काहींचे अंग शंखाबाहेर लोंबत होते. मासे मात्र ठीक होते. आठवड्याभरात ठिपकेही गेले. बाटलीवरची बारीक अक्षरे मी नंतर वाचली. औषधात कॉपर सल्फेट होते. कॉपर सल्फेट म्हणजे आपले मोरचूद. कोकणात सुपारीच्या बागेवर चुन्याबरोबर फवारतात ते. माशाला सोसते तेवढ्या मात्रेत ते कोळंबीला आणि गोगलगायीला मारते. विचित्र गोष्ट अशी की कोळंबीच्या रक्तातच तांबे असते. आपल्या रक्तात प्राणवायू वाहण्याचे काम लोह करते, तिच्या रक्तात तांबे. जो धातू तिला जगवतो, तोच पाण्यात विरघळून जरा जास्त झाला की तिचा घात करतो.

मुलगी तेव्हा सहावीत होती. तिने सगळे पाहिले आणि विचारले, "अब्बा, औषध कुणाला दिलं आणि मेलं कोण?"

मी तिला सांगू लागलो की हे मुद्दाम झाले नाही, मला माहीत नव्हते. बोलता बोलता माझ्याच लक्षात आले की ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. माझी नियत चांगली होती. तिचा हिशेब अल्लाहकडे. पण अक्षरे बाटलीवर होती आणि मला वाचता येत होते. ज्यांच्यासाठी औषध आणले त्यांचाच विचार माझ्या डोक्यात होता. त्याच पाण्यात आणखी कोण श्वास घेते, हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण मासे डोळ्यांपुढे होते आणि कोळंब्या मॉसमध्ये. दुर्लक्ष असेच होते. त्याला दुष्टपणा लागत नाही.

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मदरशात ऐकलेली असते. तिने मांजर कोंडले, खाऊ घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला सोडलेही नाही. त्यापायी ती शिक्षेस पात्र ठरली. आपण या कथेतून 'प्राण्यांवर दया करा' एवढाच बोध घेतो. पण तिचा कणा कोंडण्यात आहे. रस्त्यावरचे मांजर उपाशी मेले असते तर त्या बाईला तसा जाब विचारला गेला नसता. दार लावले त्या क्षणी त्या जिवाचे रिज्क तिच्या गळ्यात पडले. काचेची टाकी हे चारही बाजूंनी लावलेले दारच आहे.

पाळणे मुळातच गैर आहे, असेही धर्म सांगत नाही. अबू उमैर या लहान मुलाचा पाळीव पक्षी मेला, तेव्हा पैगंबरांनी त्याची मायेने विचारपूस केली, ही हदीस प्रसिद्ध आहे. पक्षी बाळगण्यास हरकत नाही, असा अर्थ काही उलेमांनी तीवरून काढला. हरकत नाही, पण शर्ती आहेत. त्या शर्ती इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी फार नेमक्या मांडल्या आहेत. तेराव्या शतकातले हे दमास्कसचे शाफई फकीह १२६२ साली कैरोत वारले. मालकावर जनावराचे हक्क कोणते, ते सांगताना त्यांनी चारापाणी, निवारा, म्हातारपणी आणि आजारपणीही पोसणे, झेपेल तेवढेच ओझे लादणे हे सारे सांगितले. त्यातच आणखी एक हक्क आहे: ज्याच्यापासून इजा होईल अशा जनावरासोबत, मग ते त्याच्या जातीचे असो वा दुसऱ्या, त्याला एकत्र ठेवू नये. साडेसातशे वर्षांपूर्वी ते गुराढोरांविषयी लिहीत होते. मला वाटले, माझ्या टाकीवरचा फैसलाच वाचतो आहे. यात गप्पीला उपदेश नाही, कोळंबीला सबुरीचा सल्ला नाही. हुकूम एकत्र ठेवणाऱ्याला आहे.

यावर एक आक्षेप येतो, तो माझ्या धाकट्या भावाने घेतला. "भाईजान, परवाच तुमच्याकडे कोळंबीचा पुलाव झाला. आता पंधरा कोळंब्यांसाठी मर्सिया?" कोळंबी मासा आहे की नाही, यावर हनफी उलेमांत जुना मतभेद आहे, आम्हा कोकणी शाफईंच्या ताटात तो प्रश्न उद्भवत नाही. म्हणून आक्षेप टाळता येत नाही. पण खाण्याची इजाजत म्हणजे हाल करण्याची इजाजत नव्हे, हे जबिहाचे नियमच सांगतात: सुरी धारदार असावी, जनावराला कमीत कमी त्रास व्हावा. आणि ताटातल्या कोळंबीला मी 'तुला सांभाळीन' असे म्हटले नव्हते. टाकीतल्या कोळंबीला, शब्दांत नसले तरी, म्हटले होते. अमानत तेथून सुरू होते.

दुसरा सल्ला मिळाला तो सोपा होता: "सोडून द्या नदीत, सवाब मिळेल." ही दयाही तपासून पाहावी लागते. हौसेने आणून मग तळ्या-नद्यांत सोडलेला सकर मासा आज देशातील अनेक जलाशयांत फोफावला आहे आणि कोळ्यांची जाळी फाडतो आहे. आपल्या घरातले ओझे दुसऱ्याच्या पाण्यात टाकणे हा सवाब नव्हे.

शेवटी मी टाकीतली वाळू बदलली, कारण तांबे तळात चिकटून राहते. गप्पींना वेगळी टाकी केली. जुन्या टाकीत पाणी मुरू दिले. माशांच्या आणि कुजक्या अन्नाच्या अमोनियाचे नायट्राईट, मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी एवढा धीर मी धरला नव्हता. आता तेथे कोळंब्या आणि गोगलगायी आहेत. गोगलगायींबद्दलही एक गोष्ट शिकलो. त्या बेसुमार वाढल्या की लोक 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणून त्यांनाच बोल लावतात, त्यांना खाणारी दुसरी गोगलगाय विकत आणतात. खरे तर त्यांची संख्या म्हणजे आपण टाकलेल्या जादा अन्नाची नोंद असते. चिमूट कमी केली की त्या आपोआप आवरतात.

मास्तर गेल्या ईदला पुन्हा आले. कोळंब्या भरदुपारी उघड्या वाळूवर फिरत होत्या, त्यांत तांदळाच्या कणीएवढी पिल्लेही होती. त्यांनी विचारले, "मासे कुठं गेले?" मी सगळे सांगितले. ते जरा हिरमुसले. "म्हणजे वेगळं ठेवणं हाच उपाय म्हणायचा का?" प्रश्न टाकीपुरता नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळले. वेगळ्या वस्त्यांत कोण का राहतो, हे आमच्या गावाला ठाऊक आहे.

मी म्हणालो, "मास्तर, माशांसाठी हाच. मासा कौल देऊ शकत नाही आणि दिलेला पाळू शकत नाही. माणूस देतो आणि पाळतोही. म्हणून माशांकडून आपण काही शिकू नये. शिकायचंच तर टाकी सांभाळणाऱ्याच्या चुकांतून शिकावं." माणसांच्या वस्तीला बाहेरून झाकण उघडणारा कोणी राखणदार नसतो. आपणच आत असतो आणि आपणच राखणदार. तेथे सलोखा आहे की नाही हे मोठ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून ठरवू नये. सर्वांत लहान जीव उजेडात फिरतो का, आणि त्याची पिल्ले वाढतात का, एवढे पाहावे.

मास्तरांनी यावर काही उत्तर दिले नाही. वाटी खाली ठेवली, चश्मा पुसला आणि काचेजवळ वाकून ती कणीएवढी पिल्ले मोजू लागले.