राशीतले ओले धान्य

इस्लामने व्यापार वैध ठरविला आहे. नफा कमावणे पाप नव्हे. जाब द्यावा लागेल तो नफ्यासाठी बुद्धी कोणत्या कामी लावली याचा.

१९५९ साली व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी अडकणारा सुरक्षापट्टा घडविला. कंपनीने त्याचे पेटंट इतर मोटार उत्पादकांनाही खुले केले आणि असंख्य जीव वाचले. याउलट, २०१५ मध्ये उघड झाले की फोक्सवॅगनच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल मोटारींत एक छुपी संगणकप्रणाली होती. ती तपासणी ओळखून तेवढ्यापुरता विषारी वायू आटोक्यात ठेवी. रस्त्यावर मात्र तो लोकांच्या श्वासात जाई. बुद्धी दोन्हीकडे होती, ईशभय नव्हते तेथे ती कपट झाली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी (स.) बजावले की, फसवणारा आपल्यातला नाही.

तपासनीस फसतो, अल्लाहपासून काहीच लपत नाही. आपल्या राशीत आज आपणच हात घालून पाहू या. अल्लाह आम्हांस सचोटी देवो. आमीन.