मासा खरपूस, पण आत गोड

चि. अद्वैत यास,


तुझे बारा क्लू मिळाले. इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडी सोडवता सोडवता तुला मराठीत रचायचा नाद लागला, आणि क्लू सगळे स्वयंपाकघरातले, म्हणून मला जास्तच आनंद झाला. कौतुक झालं, आता चुका.

‘आजीच्या हातचा उलटा वार उपम्यात (2)’. उत्तर रवा, कंसातल्या आकड्याप्रमाणे दोन अक्षरी. वार उलटला की रवा होतो आणि उपम्यात तो असतोच, दोन्ही चोख. मग आजीचा हात कशाला? क्लूच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ हवा, उरलेल्या भागात अक्षरांची कृती किंवा दुसरा अर्थ. तिसरं काही घातलंस की मीठ जास्त झालं. ‘उलटा वार उपम्यात’ एवढंच ठेव.

इंग्रजीत स्वयंपाकाचे शब्द बहुधा हुकूम असतात. कुक्ड, चॉप्ड, स्टर्ड, फ्रेश दिसलं की शेजारच्या शब्दाची अक्षरं विस्कटायची. ‘फ्रेश मेलन, अ सोअर फ्रूट (5)’ म्हणजे मेलनची पाच अक्षरं नव्यानं लाव, लेमन मिळेल. ‘स्टार्टर’ म्हणजे पहिलं अक्षर. ‘सर्व्ह्ड अप’ म्हणजे उभ्या शब्दात खालून वर वाचायचं. सोडवणारा मेजवानीत रमतो आणि तेवढ्यात त्याचा खिसा कापला जातो.

पण ही युक्ती जशीच्या तशी उचलू नकोस. देवनागरीत मेलनचं लेमन होतच नाही. ‘म’वरची मात्रा ‘ल’वर उडी मारत नाही. आपल्या चौकटीत अक्षर काना-मात्रेसकट बसतं. म्हणून आपली ताकद जोडण्यात, लपवण्यात आणि दुहेरी अर्थात. ‘हिंदी आंबा, इंग्रजी चहा, मराठी ताटात (3)’: आम अधिक टी, आमटी. ‘तात्पर्य भातावर वाढा (2)’: सार.

ए. एफ. रिची हे इंग्रज रचनाकार ‘ॲफ्रिट’ या टोपणनावानं कोडी रचत. 1949 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या खेळाची नीती सांगितली. तिचं सार असं, की वरवर काहीही भासवा, पण शब्दाला शब्द लावून वाचलं तर तुमचं बोलणं खरं निघालं पाहिजे. फसव, पण खोटं बोलू नकोस.

आपल्याकडे ‘द हिंदू’ या इंग्रजी दैनिकासाठी 1971 पासून ॲडमिरल कटारी कोडी रचत; नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख तेच. तुझे आजोबा तेव्हा मद्रासला होते आणि रोज कटारींशी झुंजत. हरले की दुसऱ्या दिवशी उत्तर बघून कपाळावर हात मारून घेत आणि हसत. तुझा क्लू याच कसोटीवर घास. सोडवणाऱ्याचा हात स्वतःच्या कपाळाला लागावा, तुझ्या कॉलरला नव्हे. शब्दकोशाच्या तळातला शब्द काढून जिंकलास, तर तो चिडेल. रोजच्या शब्दात हरवलंस, तर उद्या पुन्हा येईल.

तुझ्या ‘मासा खरपूस, पण आत गोड (3)’नं मला दोन दिवस असंच हरवलं. चहात साखर घालताना ट्यूब पेटली: साखर ‘मासा खरपूस’च्या पोटातच सलग बसली होती. असे अकरा अजून कर.

सुट्टीत येशील तेव्हासाठी माझा एक: ‘आत या, गोड खायला (2)’. उत्तर ताटलीत मिळेल.

तुझी,
मावशी