आजाऱ्यांच्या यादीत बेकाराचे नाव

रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. पाळकसाहेब नावे घेतात, मंडळी आमेन म्हणते. ज्याचे काम सुटले त्याचे नाव मात्र सहसा घेतले जात नाही. तो अंथरुणाला खिळला म्हणजे मग यादीत येतो. त्याचे दुखणे खरोखर त्याच दिवशी सुरू झाले काय?

इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपये मिळण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कित्येक कामगार वारले होते. त्यांच्या वाट्याचे पैसे विधवांनी व मुलांनी घ्यावयाचे होते.

गिरणी बंद झाली की पगाराबरोबर दवाखानाही जातो, हे बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराच्या पगारातून वर्गणी कापतात आणि तिच्या बळावर त्याला व त्याच्या घरच्यांना उपचार मिळतात. तो हक्क असतो, मेहेरबानी नव्हे. काम सुटल्यावर काही काळाने हा हक्क सरतो. म्हणजे काळजीने झोप उडते, रक्तदाब वाढतो, नेमके तेव्हा! २०१८ पासून आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत इलाज मिळतो खरा, पण तो मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळीचे काय? सरकारी दवाखान्यात जावे तर सकाळ रांगेत जाते, आणि मजुरीसाठी नाक्यावर उभे राहण्याची वेळही सकाळचीच. "त्याला काय, वेळच वेळ आहे," असे आपण म्हणतो. तो मात्र गोळी एक दिवसाआड घेऊन पाकीट पुरवीत असतो, आणि घरच्या बाईची गोळी तर त्याच्याही आधी बंद झालेली असते.

आजारपणामुळेही नोकरी जाते, हे खरेच. मग तर हे चक्र दोन्हीकडून फिरते.

अशा घरी पौलाचे वचन फार लवकर ऐकवले जाते, की जो काम करीत नाही त्याने खाऊ नये. थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल काम करण्याची इच्छा नसलेल्यांविषयी बोलतो; काम न मिळालेल्यांविषयी नव्हे. त्यांच्याविषयी प्रभूने द्राक्षमळ्याचा दाखला सांगितला. शब्बाथशाळेत तो शिकवताना आपण बहुधा कुरकुर करणाऱ्या मजुरांवर थांबतो. अकराव्या तासापर्यंत बाजारात उभे असलेल्यांचा दिवस कसा गेला असेल, हे मुलांना विचारून पाहावे. धन्याने त्यांना प्रश्न केला, उत्तर ऐकून घेतले आणि मजुरी पूर्ण दिवसाची दिली. तेवढ्यावरच घर चालते, हे त्याला ठाऊक असावे.

आमच्या मंडळ्यांतून मदत फंड असतो. रुग्णालयाचे बिल पुढे आले की कमिटी बसते आणि दहा हजार रुपये मंजूर होतात. पावती असते, हिशेब सोपा जातो. बेकार माणसाच्या गोळ्यांचे महिन्याचे दोनशे रुपये कोणत्या सदराखाली लिहावे, याचा निर्णय मात्र पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.