देठ कोणी कापायचा?

गणपतीच्या गर्दीत दादर स्टेशनबाहेर ऋषीच्या भाजीचे वाटे लागतात: अळू, पडवळ, शिराळी, मक्याचं कणीस आणि लाल भोपळ्याची फोड. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातांनी पिकवलेलं खायचं, असा नियम. ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातला भोपळाही त्यात चोख बसतो, हा भाग वेगळा.

चाळीच्या गच्चीवर कुणी पिंपात वेल लावलीच, तर खरी पंचाईत तिथीची होते. 7 जूनला, मृगावर बी टोचलं तर 2023 च्या पंचमीला, 20 सप्टेंबरला, वेल 105 दिवसांची होती. 2025 मध्ये पंचमी 28 ऑगस्टलाच आली. दिवस भरले अवघे 82. भोपळा पुरता पिकायला साधारण 90 ते 120 दिवस लागतात. मग कोवळाच कापायचा की थांबायचं?

पिकल्याच्या खुणा तशा सोप्या. देठ वाळून कडक होतो, सालीत नख रुतत नाही, जमिनीला टेकलेली बाजू पिवळी पडते, थापटलं की पोकळ आवाज येतो. एवढं होऊनही भोपळा आपणहून सुटत नाही. दोन-तीन इंच देठ राखून तो कापावाच लागतो. देठ मोडला तर तिथूनच कुजायला लागतो. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणायचं तर एवढंच.

कोकणातल्या चिबडाचं तसं नाही. गणपतीहून परतणारे लालबाग-परळकर तो पिशवीतून जपून आणतात, कारण पिकला की त्याची साल तडकते. वेलीवर असला तर हात लागताच सुटून येतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या महामृत्युंजय मंत्राची उपमा याच स्वभावाची आहे: काकडीच्या जातीचं फळ वेलीपासून सुटावं, तशी मृत्यूच्या बंधनातून सुटका. प्रवचनांत कधीकधी त्या जागी भोपळा येतो. तो तिथे बसत नाही. एक तर तो कोलंबसानंतर अमेरिकेतून आला, आणि दुसरं म्हणजे तो सुटत नाही.

बाबुलनाथला कुणी हा जप करतं तेव्हा चिबडाची गत मागितलेली असते. रुग्णालयात मात्र गाठ पुष्कळदा भोपळ्याशी पडते.

परळच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. पुढची जवळजवळ 42 वर्षं त्या तिथेच खाटेवर होत्या. त्यांचं अन्न थांबवावं, ही पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली. कडक अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मात्र मोकळी केली. त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा, यावर न्यायालयाचं उत्तर होतं: केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. वर्षानुवर्षं त्यांना भरवणाऱ्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. ज्यांच्या हातांनी कष्ट केले त्यांनाच हा हक्क मिळाला, हे ऋषिपंचमीच्या नियमाला धरूनच झालं. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने शानभाग गेल्या.

2018 मध्ये न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, जानेवारी 2023 मध्ये त्याच्या अटी सोप्या केल्या. ज्याने असं काही लिहून ठेवलेलं नाही, त्याचे उपचार थांबवायला घरच्यांना आजही रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांच्या मतासोबत आपली संमती द्यावी लागते.