स्वस्थ बसणे आणि स्वस्थ असणे

दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या माणसाला शब्द अधूनमधून चकवतात. 'स्वस्थ' हा त्यांपैकीच एक. इंदूरच्या मराठी घरातली मधुमेही आजी दवाखान्यात जाते, तेव्हा डॉक्टर हिंदीत सांगतात, "माताजी, स्वस्थ रहना है तो रोज़ टहलिए." ती घरी येते, तर सूनबाई मायेने मराठीत म्हणते, "आई, आता तुम्ही स्वस्थ बसा पाहू!" शब्द एकच, पण हिंदीत तो निरोगी, तर मराठीत निश्चल. जुनाट दुखणे घेऊन जगणारा माणूस या दोन अर्थांच्या मधोमध उभा असतो.

त्याचा खरा प्रश्न मात्र शब्दांचा नाही. तो मनातल्या मनात विचारतो, 'दुखणे जायचेच नाही, तर हातपाय हलवायचे कशासाठी?' प्रश्न आळशाचा नाही, दमलेल्या माणसाचा आहे. आपल्याकडे व्यायाम म्हटला की बलोपासना आठवते: आखाडा, जोर-बैठका, सूर्यनमस्कार. ही परंपरा थोरच. पण ती बल मिळवणाऱ्यांची. ज्याचे बल रोज थोडे थोडे ओसरते आहे, त्याने काय करावे, याचे उत्तर तिच्याजवळ फारसे नाही.

वैद्यकालाही ते सापडायला वेळ लागला. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणात निजवून ठेवण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. १९५२ मध्ये बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रोग्यांना खुर्चीत बसवायचे ठरवले, तेव्हा तेवढेही धाडस वाटले. वास्तविक १८०२ मध्येच हेबर्डन या इंग्रज वैद्याच्या ग्रंथात, रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरणारा हृदयशूलाचा एक रोगी जवळजवळ बरा झाल्याची नोंद होती. आज कारणे कळली आहेत. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. पोटऱ्या आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण सांधा हलल्यानेच नीट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात जुनाट आजार असलेल्या प्रौढांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सुचवले, आणि तितके न जमणाऱ्याने जमेल तितके करावे, असेही सांगितले. मध्यम म्हणजे किती? चालता चालता बोलता यावे, गाता मात्र येऊ नये, इतके.

पण इथेच दुसरा धोका उभा राहतो. उपयोग कळला की आपण लगेच त्याचे पुण्य करतो, आणि पुण्य आले की पाप मागोमाग येते. "चालत असता तर ही वेळ आली नसती", हे वाक्य भेटायला येणारा प्रत्येकजण ऐकवून जातो. आजार हा अपराध ठरतो आणि व्यायाम हे प्रायश्चित्त. हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय नेहमी खरेही नसते. दीर्घकालीन थकव्याच्या एका विकारात श्रम नेटाने वाढवत नेले तर रोगी अधिकच खालावतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये त्या विकारासाठी असा वाढता व्यायाम देऊ नये, असे स्पष्ट केले. रोगी वर्षानुवर्षे हेच सांगत होते. तेव्हा माप डॉक्टरांना विचारून ठरवावे. पण 'आज एवढेच' म्हणण्याचा अधिकार ज्याचे शरीर त्याचाच.

मग मूळ प्रश्नाचे काय? इंदूरहून निमाडात उतरले की बडवानीजवळ नर्मदाकाठी कसरावद आहे. बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून तिथे राहायला आले. कण्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. त्याच देहाने १९८५ मध्ये ते तरुणांबरोबर 'भारत जोडो'च्या यात्रेला निघाले होते. मुले सायकलवर, बाबा गाडीतल्या बिछान्यावर. कणा बरा झाला नाही. पण बसता येत नाही म्हणून जगणे थांबवायचे नाही, एवढे त्यांनी ठरवले होते. आपण बाबा आमटे नाही, हे खरे. आपल्यापुढे नदी वाचवण्याचे काम नसेल. पण फाटकापर्यंत जाऊन दूध आणण्याचे असेल, तुळशीला पाणी घालण्याचे असेल, नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवण्याचे असेल. हालचाल ही बरे होण्याची किंमत नव्हे. जगात आपला वाटा अजून शिल्लक आहे, हे सांगण्याची ती रीत आहे.

म्हणूनच "स्वस्थ बसा" म्हणणाऱ्या मायेने थोडे सावध असावे. आजीच्या हातून कोथिंबिरीची जुडी काढून घेताना आपण तिचे कष्ट वाचवतो, आणि नकळत तिचे घरातले स्थानही काढून घेतो. उलट तिला पहाटे उठवून नेहरू पार्कात फेऱ्या मारायला लावणारा मुलगाही तितकाच चुकतो. त्याला आईपेक्षा तिच्या साखरेचा आकडा जवळचा वाटू लागलेला असतो. सोबत करावी, पाऊल तिचे असू द्यावे. परतताना तिने पोह्यांकडे पाहिले तर दोन घास द्यावेत. जिलबीचे तेवढे डॉक्टरांना विचारावे!

शतपावली हा आपल्या भाषेतला शहाणा शब्द आहे. शंभर पावले, ना मैल, ना स्पर्धा. अंगणातली रांगोळी दुपारपर्यंत पुसली जाणार हे ठाऊक असूनही बाई रोज सकाळी ती काढते, आणि कोणी तिला 'कशासाठी?' विचारत नाही. रोग्याची शतपावली त्याच जातीची आहे. 'स्व'मध्ये जो स्थित तो स्वस्थ, अशी त्या शब्दाची मूळ फोड आहे. अर्ध्या वाटेत दम लागला म्हणून कट्ट्यावर टेकलेला, आणि दम खाऊन पुन्हा उठणारा माणूस या अर्थाने दोन्ही भाषांत स्वस्थच आहे.